वडिलांनी शिवलेलं शीड फाटलंय. ठिगळ लावू की नवं शिवू?

तवसाळकाठ

नमस्कार मंडळी. शिडाच्या होडीवर हात बसलेल्यांचा सल्ला हवाय. थोडं लांबण लावून लिहितो, कारण अर्धी माहिती दिली तर उत्तरही अर्धंच येणार.

आमचं घर जयगड खाडीच्या उत्तरेला, तवसाळच्या बाजूला. घरी वडिलांची १६ फुटी लाकडी होडी आहे. इंजिन नाही आणि बसवायचंही नाही. एक डोलकाठी, तिच्यावर चढवायची बांबूची तिरकी काठी आणि त्या काठीला बांधलेलं तिकोनी शीड, एवढाच संसार. वडील जन्मभर बोटीवर होते. २००८ साली कायमचे घरी आले तेव्हा मुंबईहून पांढरं पॉलिस्टरचं शिडाचं कापड घेऊन आले. डेक्रॉन म्हणायचे ते त्याला. आईच्या पायाच्या मशीनवर त्यांनी हे शीड शिवलं. मी तेव्हा कॉलेजात होतो, कापड धरायला समोर बसायचो. ते गेले त्याला तीन वर्षं झाली. मी शाळेत शिकवतो, त्यामुळे होडी निघते ती सुट्टीलाच, पण दिवाळीपासून मे महिन्यापर्यंत सहसा एकही रविवार चुकवत नाही.

आता शिडाची अवस्था. डोलकाठीला जिथे घासतं तिथे दीड वीत उभं फाटलंय. मागच्या मोकळ्या कडेची टीप वरून तीन-चार हात उसवलीय. कोपऱ्यातल्या लोखंडी कड्या गंजल्यात आणि गंज कापडात उतरलाय. गेल्या पावसाळ्यात माळ्यावर ठेवलं होतं, तिथे बुरशीचे काळे ठिपके पडले.

गेल्या वर्षी मधोमध एक लहान चीर गेली होती. ती तालुक्याच्या गावातल्या एका ताडपत्रीवाल्याकडून शिवून आणली. त्यानं चौकोनी ठिगळ लावून दिलं, दिसायला एकदम नीटस. या एप्रिलमध्ये एका रविवारी दुपारी मी आणि माझी दहा वर्षांची मुलगी खाडीच्या तोंडाकडून परत येत होतो. ओहोटीचं पाणी बाहेर चाललेलं आणि खारा वारा आत येत होता, दोघांची गाठ पडून तोंडाशी पाणी उभं राहिलेलं. वाऱ्याचा एक जोराचा झोत आला आणि त्या ठिगळाच्या कडेनं शीड फाटत गेलं. ठिगळ शाबूत, टाके शाबूत, शेजारचं कापड मात्र टाक्यांच्या भोकाभोकांतून सरळ सुटलं, पोस्टाचं तिकीट फाडावं तसं. शीड खाली घेतलं, वल्ही काढली, दीड तासानं घर गाठलं. मुलगी घाबरली नाही. मी घाबरलो होतो, पण तिला दिसू दिलं नाही.

होडी आता वर ओढून झापांनी शाकारून ठेवलीय. शीड पडवीत पसरलंय. मापं अशी: काठीकडची कड १६ फूट, मागची मोकळी कड १४, खालची १२.

मला विचारायचंय ते हे. हे शीड दुरुस्त होण्यातलं आहे का? असेल तर नीट ठिगळ कसं लावतात? आणि नसेल तर ताडपत्रीचं करून भागेल का? गावात सगळे तेच सांगतात. वडिलांच्या हातचं आहे म्हणून टाकवत नाही हे खरं, पण मुलगी होडीत असते. त्यामुळे खरं काय ते सांगा, मला बरं वाटावं म्हणून सांगू नका.

दिघीकर

दादा, ताडपत्रीचं अनुभवानं सांगतो. माझ्या मामाच्या होडीला आम्ही प्लास्टिकच्या निळ्या ताडपत्रीचं शीड केलं होतं. पहिला सीझन मस्त गेला. हलकं, पाणी धरत नाही, बुरशी नाही. दुसऱ्या सीझनला उन्हानं वरचा थर सुटायला लागला, हात लावला की बोटाला निळी पूड. तिसऱ्याला घडीवरच चिरत गेलं. शिवाय ते ताणलं की ताणलेलंच राहतं, मग वाऱ्यावर चढायला मागत नाही. वारा पाठीशी असेल तेव्हा ठीक, तोंडावर आला की होडी नुसती आडवी सरकते.

खाडीतून खाडीत जायला आणि एखाद्या वर्षाची सोय म्हणून करा. मुलीला घेऊन तोंडाशी जाणार असाल तर नको.

विजयदुर्गकर

तवसाळकाठ, तुमच्या वडिलांच्या हाताला आधी नमस्कार. घरच्या मशीनवर शिवलेलं शीड एवढी वर्षं खाऱ्या हवेत टिकलं, म्हणजे माणसाला काम येत होतं.

माझे वडील वाघोटण खाडीत मचव्यांची शिडं शिवायचे. तेव्हा सगळा सुती मामला. मी त्यांच्या हाताखाली शिकलो, पुढे पॉलिस्टर आलं तेव्हा ते वेगळं शिकावं लागलं, कारण दोन्ही कापडं मरतात वेगवेगळ्या तऱ्हेनं. सुती कापडात टाका आत रुतून बसतो, कापडच त्याला सांभाळतं. पॉलिस्टरचं कापड कडक, टाका त्याच्या अंगावर उभा राहतो. डोलकाठीला घासतो तो टाका, ऊन खातो तो टाका. बापूस म्हणायचे, "दोरो आधी मरता, कपडो मागसून." ते सुती शिडांबद्दल म्हणायचे, पण पॉलिस्टरला ते जास्तच लागू आहे. म्हणून शीड उसवलं याचा अर्थ शीड संपलं असा लगेच काढू नका. आणि शेजारचं कापड फाटलं याचा अर्थ मात्र नीट तपासून काढा.

तपासायचं असं. पहिलं, टाके. अंगठ्याच्या नखानं टीप खरवडत जा, वरपासून खालपर्यंत. दोरा जिवंत असेल तर नखाखाली नुसता हलेल. मेला असेल तर भुकटीसारखा तुटून निघेल. जिथे तुटेल तिथे खडूनं खूण करा.

दुसरं, कापड. शीड काठीला गुंडाळून ठेवलं की बाहेर राहते ती मागची मोकळी कड, वरच्या टोकाकडची. सबंध शिडात सगळ्यात जास्त ऊन तिनं खाल्लेलं असतं, म्हणून परीक्षा तिथेच घ्यायची. दाभणाचं टोक कापडात घालून हलकेच आडवं ओढा. चांगलं कापड धागे सरकवतं आणि अडतं. मेलेलं कापड कागदासारखं चर्रकन जातं. हीच परीक्षा मग मधे आणि खाली, काठीजवळ घ्या. तीन ठिकाणची तीन उत्तरं येतील. तीच खरी माहिती.

तिसरं, कापड ओठांना घट्ट लावून श्वास ओढा. शिडाचं कापड नवं असताना त्यावर राळेचा कडक लेप असतो, त्यामुळे ते कुरकुरतं आणि हवा जाऊ देत नाही. फडफडून फडफडून तो लेप सुटतो, कापड जुन्या धोतरासारखं मऊ पडतं. श्वास आरपार येत असेल तर ते शीड फाटणार नाही कदाचित, पण वाऱ्यावर चढणार नाही.

तुमच्या ताडपत्रीवाल्यानं काय केलं ते न बघता सांगतो. टाके फार जवळ जवळ घातले, आणि ठिगळाचे कोपरे चौकोनी ठेवले. जवळ टाके म्हणजे कापडात भोकांची रांग. ताडपत्री जाड असते, तिथे हे खपतं. शिडाच्या कापडात नाही. त्यात कोपऱ्यावर सगळा ताण एका जागी येतो.

ठिगळ लावायचंच झालं तर शीड आधी विहिरीच्या गोड्या पाण्यात दोनदा बुचकळून मीठ काढा, सावलीत वाळवा. ठिगळाचं कापड मूळ कापडाइतकंच जाड हवं, जास्त जाड नको. जाड ठिगळ ताणत नाही, शेजारचं पातळ कापड ताणतं, आणि कडेला फाटतं. ठिगळाचा उभा-आडवा धागा शिडाच्या उभ्या-आडव्या धाग्याशी जुळवून ठेवा, चिरेच्या बाहेर चारी बाजूंनी दोन इंच येऊ द्या, कोपरे वाटीनं आखून गोल कापा. कडा सोल्डरिंग आयर्ननं वितळवून बंद करा, म्हणजे दोरे निघत नाहीत. चीर आधी हातानं बंद करून घ्या. बायका कशिद्यात मच्छीटाका घालतात ना, तसा, सैलसर, दोन्ही काठ एकमेकांना भेटतील एवढाच ओढलेला. ओढून गोळा केलात तर तिथे सुरकुती राहते आणि तीच पुढे फाटते. मग वरून ठिगळ, कडेनं एक टीप. मग शीड उलटं करून आतल्या फाटक्या कडा छाटून, त्यांना चटका देऊन, दुसरी टीप.

गोणी शिवायचं दाभण शिवायला वापरू नका. तपासायला चालेल. शिवायला तिधारी बारीक सुई आणि तळहातावर चढवायचा चामड्याचा पट्टा लागतो, नाहीतर चार टाक्यांत तळवा सोलून निघेल. आणि घरात जाळ्याचा नायलॉन दोरा पडलेला असेल, तो हाताशी आहे म्हणून घ्याल, तर घेऊ नका. नायलॉन ताणतं आणि उन्हात पॉलिस्टरपेक्षा लवकर जातं.

एक राहिलं. डोलकाठीला घासून फाटलंय म्हणता. तिकोनी शीड काठीसकट डोलकाठीच्या एका बाजूला असतं. वारा एका अंगानं घेतला की शीड मोकळं फुगतं, दुसऱ्या अंगानं घेतला की डोलकाठीवर दाबलं जातं. ते घासणारच. पण दीड वीत फाटायला नुसतं लाकूड पुरत नाही. डोलकाठीवर त्या उंचीला हात फिरवून बघा. खिळ्याचं डोकं, सुटलेली तार, लाकडाची उठलेली कूस, काहीतरी सापडेल. ते काढल्याशिवाय नवं शीड लावलंत तरी तिथेच फाटेल.

निळं शीड

मी अलिबागच्या बाजूला. आम्ही तिघांनी मिळून एक जुनी एंटरप्राइज घेतली आहे. जॅक होल्टनं १९५६ साली आखलेली ही १३ फुटी होडी आपल्याकडच्या क्लबांत बरीच वापरली गेली, तिची निळी शिडं काहींनी पाहिली असतील. विजयदुर्गकर काकांनी लिहिलंय त्यात फारसं घालण्यासारखं नाही, फक्त दुकानात काय मागायचं ते सांगतो.

तुमच्या मापाचं शीड साधारण ८० चौरस फुटांचं. त्याला ४ औंसाचं शिडाचं पॉलिस्टर पुरतं. हा औंस शिडवाल्यांचा वेगळा असतो, आपल्या मापात ते चौरस मीटरला सुमारे १७० ग्रॅम होतं. नेहमीच्या कापड दुकानातलं 'पॉलिस्टर कॅनव्हास' घेऊ नका. ते विणीला ढिलं असतं आणि तिरपं ओढलं की रबरासारखं येतं. दोरा बाँडेड पॉलिस्टर, टेक्स ७० (टेक्स म्हणजे दोऱ्याच्या जाडीचं माप). मशीनची सुई १८ नंबर. जमलं तर झिगझॅग मशीन मिळवा, कारण सरळ टिपेला ताण सोसायला जागा नसते, झिगझॅग कापडाबरोबर थोडी ताणते. सरळच मशीन असेल तर टाका ४ ते ५ मिलीमीटरचा लांब ठेवून दोन समांतर टिपा मारा.

कापड गुळगुळीत असतं, मशीनखाली सरकतं. दोन्ही बाजूंनी चिकट असलेली शिडाची पातळ टेप मिळते, ती लावून पट्टे आधी चिकटवून घेतले की हात मोकळे राहतात. टेपच्या आधी ती जागा स्पिरिटनं पुसा.

बुरशीसाठी पॉलिस्टरला पातळ केलेलं ब्लीच चालतं, नंतर भरपूर गोडं पाणी. नायलॉनला ब्लीच कधीही लावू नका, त्याचा धागाच खलास होतो.

माझं मत विचाराल तर नवं शिवा. आम्ही एक वर्ष ठिगळांत घालवलं. एक शिवलं की शेजारी दुसरं. सुट्ट्या सगळ्या पडवीत गेल्या.

तवसाळकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. काल शनिवारी दुपारभर बसून तपासलं. मुलीनं खडू धरला होता.

टाके: मागच्या कडेचे सगळे मेलेले. नखानं खरवडलं की पांढरी भुकटी. मधल्या पट्ट्यांच्या टिपा मात्र आश्चर्य वाटेल इतक्या घट्ट आहेत, काठीजवळच्या तर नव्यासारख्या.

कापड: वरच्या शेंड्याजवळ दाभण घातलं, जरा ओढलं आणि बोटभर चिरलं. आवाजच वेगळा आला, कागदाचा. तिथून खाली साधारण पाच फूट आणि आत दीड फूट एवढा पट्टा असाच आहे. मधे धागे सरकले पण फाटलं नाही. खाली चांगलं आहे. श्वास मात्र सगळीकडून येतो, फक्त काठीलगत हातभर सोडून.

डोलकाठीवर हात फिरवला. खांद्याच्या थोडं वर बोटाला टोचलं. वडील गेल्यावर मी कंदील अडकवायला एक स्क्रू मारला होता, नंतर तो काढला, पण त्याचं मोडलेलं टोक आत राहून बाहेर डोकावत होतं. म्हणजे ते भोक मीच पाडलं. ते टोक कानशीनं घासून सपाट केलं.

माझा प्रश्न आता एवढाच उरलाय: मागचा खराब पट्टा तेवढा नवा घालून बाकीचं ठेवलं तर? निम्म्याहून जास्त शीड चांगलं आहे.

विजयदुर्गकर

तो विचार मनातून काढा. मागच्या मोकळ्या कडेवर सगळ्यात जास्त ताण असतो. वरचा शेंडा आणि तुमच्या हातातला दोर, या दोहोंमध्ये ती कड ताणलेली असते. तिथे नवं कडक कापड आणि आत जुनं मऊ कापड घातलंत तर नवं ताणणार नाही, जुनं ताणेल, आणि मागची कड आत वळून वाटीसारखी होईल. वारा शिडातून बाहेर पडायला वाट राहणार नाही. होडी कलेल जास्त, चालेल कमी. वर लहान मूल होडीत. नवंच करा.

नवं करताना लोक सगळ्यात मोठी चूक काय करतात सांगतो. जुनं शीड जमिनीवर पसरतात, त्यावर नवं कापड ठेवतात आणि कडेनं कापतात. इतकी वर्षं ताणलेलं शीड आता वडिलांनी शिवलं त्या आकाराचं राहिलेलं नाही. मागची कड लांबली, खालची लोंबली. तो बिघडलेला आकार तुम्ही नव्यात उतरवणार.

खळं सारवलेलं असेल तर उत्तम, नसेल तर शाळेचा हॉल मागा. जमिनीवर तीन खिळे ठोकून दोरीनं त्रिकोण आखा. पट्टे मागच्या कडेला काटकोनात टाका, म्हणजे कापडाचा आडवा धागा त्या कडेला समांतर पडतो. कापड धाग्याच्या दिशेनं ताणत नाही, तिरपं ताणतं. बऱ्याच शिडाच्या कापडांत आडवा धागा मुद्दाम जास्त दणकट विणलेला असतो, तो याच कामासाठी. पूर्ण रुंदीचे पट्टे नको, रुंदी निम्मी करा. सहा-सात पट्टे होतील. जितके जोड, तितक्या ठिकाणी पोट, म्हणजे शिडाचा फुगवटा, घालता येतं. प्रत्येक जोडाला काठीकडच्या टोकाशी कापड थोडं जास्त एकमेकांवर चढवायचं, की सपाट कापडाला पोट येतं. शिंपी ब्लाउजला टक्स घालतो तेच हे.

आणि काठीकडची कड सरळ कापू नका. वाऱ्यानं बांबू वाकतो. कड सरळ ठेवलीत तर बांबू वाकल्यावर शिडाचं सगळं पोट ओढून निघतं, पत्र्यासारखं सपाट होतं. कड बाहेर फुगीर कापायची, बांबू जितका वाकतो त्याहून थोडी जास्त. किती वाकतो ते मोजायचं असं: काठी जिथे डोलकाठीला टांगता तिथेच ती टांगा, दोन्ही टोकांना पाच-पाच लिटरचे पाण्याचे कॅन बांधा, टोकापासून टोकापर्यंत दोरी ताणून मधलं अंतर मोजा. काटेकोर नाही, पण अंदाज बरोबर येतो.

जुन्या शिडाची काठीकडची दुमड उसवून बघा. आतलं कापड ऊन न लागलेलं असेल. नवं कापड घ्यायला जाल तेव्हा तो तुकडा बरोबर न्या, जाडी जुळवायला. खालचं चांगलं कापडही टाकू नका, कोपऱ्यांच्या आतल्या थरांना आणि शिडाच्या पिशवीला लागतं.

तवसाळकाठ

काका, आज दुमड उसवली. लिहिताना अजून हात नीट चालत नाहीये.

आतलं कापड तुम्ही म्हणालात तसंच निघालं. बाहेरचं पिवळट, मऊ, आणि दुमडीतलं दीड इंच पांढरंशुभ्र, नखानं वाजवलं तर वाजणारं. आणि त्यावर पेन्सिल. दर दोन फुटांवर एक आडवी रेघ, शेजारी वडिलांच्या अक्षरात आकडा. खालच्या टोकापासून ० , ३ , ५ , ६½ , ७ , ६½ , ५ , ३ , ० . पुढे काहीच लिहिलेलं नाही. मला आधी कळेना. मग तुमची पोस्ट पुन्हा वाचली. सरळ रेषेपासून कड किती इंच बाहेर काढली ते आहे. मधोमध सात इंच. मी कापड धरून बसलो होतो तेव्हा ते गुडघ्यावर रेघा मारत होते हे मला आठवतं, कशाच्या ते मी कधी विचारलं नव्हतं.

मग काठी पडवीच्या वाशाला टांगली, कॅन बांधले. मधे चारच इंच वाकली. तीनदा मोजलं, चारच.

बराच वेळ डोकं खाजवलं. आईनं विचारलं काय करतोयस, तिला सांगितलं, तर ती म्हणाली, "ही त्यांची काठी कुठे आहे? ही तर तू बाजारातून आणलीस." खरंच. वडिलांची काठी आमच्याच बेड्यातल्या (आवारातल्या) माणग्याची होती, हा बांबू भरीव आणि लवचीक. ती २०१९ च्या पावसात वाळवीनं खाल्ली. मी नवीन आणली ती कळकाची, म्हणजे जाड बांबूची. दणकट म्हणून घेतली. तेव्हापासून होडी जरा जास्त कलते असं मला वाटायचं, ते मी माझ्या हाताच्या सवयीवर ढकलत होतो.

म्हणजे सात इंचांची फुगीर कड आणि चारच इंच वाकणारी काठी. उरलेलं तीन इंच कापड पोटात गेलं, बरोबर का? शीड जास्त पोटाचं झालं, आणि गेली काही वर्षं त्याच्यावर वारा जास्त दाबत होता. आता नवं शीड सात इंचांचं कापू की चार-पाचाचं?

विजयदुर्गकर

अगदी बरोबर ओळखलंत. जोराच्या वाऱ्यात पोट कमी हवं, तुमच्याकडे उलट झालं होतं.

आकडे वडिलांचे आणि काठी वेगळी, हा मेळ बसणार नाही. कळकाची काठी ठेवणार असाल तर मधोमध पाच इंच घ्या, बाकीचे आकडे त्याच प्रमाणात खाली आणा. पण मी तुमच्या जागी असतो तर माणगा शोधला असता. तुमच्या बेड्यात अजून बेट असेलच. दोन-तीन वर्षांचा, सरळ, १७ फुटी निघेल असा तोडा, सावलीत आडवा ठेवून वाळवा, दिवाळीपर्यंत तयार होतो. मग पुन्हा टांगून मोजा. सहाच्या आसपास वाकला तर वडिलांचे आकडे जसेच्या तसे उतरवा. कापायची घाई करू नका, काठी आधी, शीड नंतर.

निळं शीड

कापड १३७ सेंटीमीटर पन्ह्याचं मिळालं तर नऊ मीटर घ्या. तिकोनात वाया बरंच जातं, शिवाय जोड, दुमडी आणि कोपऱ्यांचे थर. आमच्याकडची तिधारी सुई आणि चामड्याचा पट्टा मी पाठवतो, काम झालं की परत करा. आणि एक विनंती. दुमडीचा तो पेन्सिलवाला पट्टा कापून वेगळा ठेवा, धुऊ नका.

तवसाळकाठ

बेट बघून आलो. एक माणगा पसंत पडलाय, सरळ आणि वर निमुळता. पाऊस उघडला की तोडतो. पट्टा आईनं आधीच कापून कपाटात ठेवलाय, वर्तमानपत्रात गुंडाळून.

शेवटचं विचारतो. कोपऱ्यांना लोखंडी कड्या पुन्हा नकोत हे कळलं. पितळी आयलेट (कापडाच्या भोकात ठोकून बसवतात ती गोल चकती) ठोकून चालेल की कसं?

विजयदुर्गकर

पितळीच घ्या, पण नुसती ठोकू नका, झोताला कापडासकट निघून येते. कोपऱ्यात जुन्या शिडाच्या चांगल्या कापडाचे तीन थर घाला, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा दोन बोटं मोठा. त्यात पितळेची कडी मेण लावलेल्या दोऱ्यानं गोल शिवा, टाके एकाच अंतरावर नको, एक लांब एक आखूड, म्हणजे भोकं एका वर्तुळात येत नाहीत. मग तिच्या आत आयलेट ठोका, दोऱ्याला दोर घासणार नाही. पहिली कडी जुन्या शिडावर शिवून बघा. दुसरीला हात बसतो.